मोगऱ्यात मुरलेला चहा आणि साखरेत मुरलेला अननस

मोगऱ्याची फुले पाण्यात उकळू नयेत, एवढी साधी गोष्ट कळण्यासाठी मला दोन उन्हाळे आणि तीन पातेली चहा खर्ची घालावा लागला. पहिल्या खेपेस मी दहा-बारा उमललेली फुले उकळत्या पाण्यात टाकली. स्वयंपाकघरात दोन मिनिटे देवघरासारखा वास दरवळला, पाणी पिवळसर झाले आणि कपात मात्र उकडलेल्या पालेभाजीच्या पाण्यासारखे काहीतरी कडवट उतरले. सुगंध वाफेबरोबर खिडकीबाहेर गेला होता आणि पाकळ्यांतला कडवटपणा तेवढा मागे राहिला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेस फुलांची संख्या वाढवली, म्हणजे चूक तीच ठेवून खर्च वाढवला.

खरे तर हे ज्ञान आमच्या घरातच होते. आजोळी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असे आणि संध्याकाळी त्यातच मोगऱ्याची चार फुले पडत. ते पाणी कोणी कधी उकळले नाही. थायलंडमध्येही उकळून पूर्ण गार केलेल्या पाण्यावर मोगऱ्याची फुले रात्रभर तरंगत ठेवतात, वर झाकण घालतात, सकाळी फुले काढून टाकतात आणि त्या सुगंधी पाण्यात उन्हाळ्याचा गारेगार भात वाढतात. दोन्हीकडे फुलाला विस्तव दाखवायचा नाही, त्याला वेळ द्यायचा, एवढेच तंत्र आहे. आपल्या भाषेत त्याला मुरवणे असा नेमका शब्द आहे आणि मोगरा-अननसाच्या या गार चहात ते दोनदा करायचे आहे: एकदा चहा फुलांत मुरवायचा, एकदा अननस साखरेत.

चहाची कोरडी पत्ती आसपासचा वास आणि ओलावा झपाट्याने ओढून घेते. मसाल्याच्या डब्याशेजारी उघडा राहिलेला चहा चार दिवसांत लवंगेसारखा लागू लागतो, हा अनुभव बहुतेक घरांत असेल. आपण ज्याला दोष मानतो त्याचाच चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी धंदा झाला. फूच्येन प्रांतातील फूचौ हे त्याचे जुने केंद्र असून तेथील मोगरा आणि चहाच्या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले. तेथे पक्व झालेल्या, परंतु न उमललेल्या कळ्या दुपारी खुडतात, कारण मोगरा संध्याकाळनंतर उमलतो आणि त्याचा गंधही उमलतानाच बाहेर पडतो. कळी झाडावरून उतरली तरी तिचे हे काम थांबत नाही. रात्री कळ्या आणि हिरवा चहा एकत्र कालवून रास घालतात, फुलांच्या श्वसनाने रास तापू लागली की ती मध्येच पसरून निववतात, सकाळी फुले वेगळी काढतात, ओलसर झालेला चहा पुन्हा सुकवतात आणि पुढच्या रात्री ताजी फुले घेऊन तोच खेळ पुन्हा मांडतात. उंची मालासाठी असे सात-आठ फेरे होतात. कपात फुलाची एक पाकळीही नसताना चहा मोगऱ्याचा लागतो, त्याचे कारण हेच.

येथे एक अवांतर गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चीनमध्ये मोगऱ्याला ‘मोली’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या संस्कृत ‘मल्लिका’वरून गेलेला आहे. ‘चहा’ हा शब्द तिकडून आपल्याकडे आला. ‘अननस’ हे नाव दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडी बसले आणि फळासोबतच आपल्याकडे उतरले. एका पेल्यात तीन पाहुणे आहेत आणि तिघांचीही ये-जा जहाजाने झालेली आहे.

घरच्या प्रमाणाला फूचौचा थाट लागत नाही. माझ्या ठाण्याच्या घराच्या गॅलरीत मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांतून रोज वीस-पंचवीस कळ्या मिळतात. तेवढ्या कळ्यांना वीस ग्रॅम चहा पुरे. कळ्या संध्याकाळी पाचच्या सुमारास खुडाव्यात. टपोरी, पांढरीशुभ्र, टोकाशी किंचित सैल झालेली कळी हवी. हिरवट छटा असलेली कळी रात्री उमलत नाही आणि जागा मात्र अडवते. देठाकडचा हिरवा भाग नखाने काढून टाकावा, नाहीतर चहाला पाल्याचा वास येतो. कळ्या धुऊ नयेत. म्हणूनच त्या आपल्या कुंडीतल्या, औषध न मारलेल्या झाडाच्याच असाव्यात. आमच्या बाजारात पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगडकडचा मोगरा येतो आणि त्याच्या वासापुढे माझी कुंडी फिकी पडते, हे मान्य. परंतु गजऱ्यासाठी आणलेल्या फुलांवर कोणती फवारणी झाली आहे हे विचारून कळत नाही आणि ताजेपणासाठी शिंपडलेले पाणी तर चहाचा शत्रूच.

काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत चहाचा एक थर, त्यावर कळ्यांचा एक थर, पुन्हा चहा, असे रचून वर चहाच यावा. बरणीचे झाकण न लावता सुती फडके बांधावे. रात्री दहाच्या सुमारास फडके बाजूला करून पाहिले तर कळ्या चहाच्या काळ्या-हिरव्या वळ्यांमधून वर उचलल्यासारख्या उमललेल्या दिसतात. हे मी दर वर्षी पाहते आणि दर वर्षी कोणाला तरी हाक मारून दाखवते. सकाळी सहा-सातच्या आत फुले निवडून काढावीत. तोपर्यंत ती पिवळट, कडेला जांभळट आणि मऊ झालेली असतात, आणि पत्ती बोटांना दमट लागते.

हा दमटपणा घालवणे हे या सगळ्या कामातले खरे कौशल्य आहे आणि मी पहिल्या वर्षी नेमकी तेथेच आपटले. फुले जास्त वेळ राहिली तर गंध जास्त उतरेल, अशा हिशेबाने बरणी घट्ट लावून दोन दिवस कपाटात ठेवली. उघडली तेव्हा सणाच्या दुसऱ्या दिवशी केसांतून काढलेल्या शिळ्या गजऱ्याचा भपकारा आला आणि तळाशी बुरशीचे पांढरे जाळे दिसले. आता मी फुले काढल्यावर चहा परातीत पातळ पसरते, वर मलमलीचे कापड घालते आणि पंख्याखाली ठेवते. ठाण्याच्या मे महिन्याच्या हवेत एवढ्याने भागत नाही, म्हणून नंतर जाड बुडाची कढई कोमट करून, गॅस बंद करून, त्यात चहा चार-पाच मिनिटे हाताने हलवते. हाताला सोसेल एवढीच ऊब हवी. त्याहून तापले तर रात्रभराची कमाई उडून जाते. सोलापूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीचे हेच काम पंख्याखाली दोन तासांत होते आणि ती ते मला दर वेळी ऐकवते. पत्ती बोटांत चुरली असता मोडली पाहिजे, वाकता कामा नये. ओळीने तीन रात्री हे केले की चहा तयार होतो. एका रात्रीचा चहा वासाला छान लागतो, पण पाण्यात पडल्यावर गंध टिकत नाही.

यासाठी चहा साधा, अखंड पत्तीचा हिरवा चहा असावा. मी कांगड्याचा वापरते. निलगिरीचा अखंड पत्तीचा काळा चहाही चालतो, आणि गार केल्यावर तो फारसा गढूळ होत नाही हा त्याचा गुण आहे. कडक काळा चहा गार झाला की त्यातले कॅफिन आणि तुरट द्रव्ये एकमेकांना धरतात आणि पेला धुकट दिसू लागतो. आपल्या रोजच्या दुधाच्या चहाची बारीक दाणेदार भुकटी मात्र येथे वापरू नये; तिच्यातून फुले निवडताना निम्मा चहा फुलांबरोबर जातो आणि उरलेल्या अर्ध्याच्या कडकपणात मोगरा बुडून जातो.

चहा उतरवण्याच्या दोन रीती आहेत. घाई असेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळावे, म्हणजे थर्मामीटर नसतानाही ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. त्यात दोन चहाचे चमचे पत्ती घालून तीन मिनिटांनी गाळावे. उकळते पाणी थेट ओतले तर हिरवा चहा तुरट होतो आणि मग ती तुरटी झाकण्यासाठी साखर वाढत जाते. दुसरी, माझ्या मते अधिक चांगली रीत म्हणजे एक लिटर गार पाण्यात दहा ग्रॅम पत्ती टाकून, झाकण लावून, सहा ते आठ तास फ्रीजमध्ये ठेवणे. थंड पाण्यात तुरट द्रव्ये कमी उतरतात, सुगंधाला वाफेबरोबर पळण्याची वाट राहत नाही आणि फिकट गवती रंगाचे स्वच्छ पाणी मिळते. गाळल्यावर ते त्याच दिवशी संपवावे.

आता अननस. बाजारातले अननसाचे बाटलीबंद सरबत किंवा इसेन्स घालून पाहिला, तेव्हा मोगरा आणि अननस दोघेही नाहीसे होऊन लग्नातल्या शिऱ्याचा वास उरला. ताजे फळ मिक्सरमधून काढून गाळले तर रस फेसाळतो आणि चहा गढूळ करतो. शिजवले तर मुरांब्याकडे झुकते. म्हणून अडीचशे ग्रॅम पिकलेल्या अननसाच्या बारीक फोडी कराव्यात, त्यावर चार मोठे चमचे साखर आणि चिमूटभर सैंधव टाकून, हलक्या हाताने कालवून दोन तास झाकून ठेवावे. साखर फळातले पाणी बाहेर ओढते आणि भांड्याच्या तळाशी पातळ, सोनेरी, ताज्या, न शिजवलेल्या फळाचाच वास असलेला पाक जमतो. तो गाळून घ्यावा, फोडी दाबू नयेत. केरळातून येणारा अननस पुरेसा गोड असतो. सिंधुदुर्गातून कोणी आणून दिलेला आंबट निघाला तर साखर एक चमचा वाढवावी. अननस घेताना डोळ्यांच्या रंगापेक्षा बुडाशी नाक नेऊन पाहावे: वास नसेल तर फळ परत ठेवावे, दारूसारखा असेल तरीही.

पेल्यात आधी बर्फ, मग दोन मोठे चमचे पाक आणि त्यावर दीडशे मिलिलिटर गार चहा ओतावा. जड पाक तळाशी राहतो आणि वर फिकट चहा तरंगतो. ढवळण्याआधी एक घोट वरून घ्यावा, कारण मोगरा तेथेच सर्वांत स्पष्ट लागतो. ढवळल्यावर अननस पुढे येतो आणि मोगरा घोट गिळल्यानंतर नाकात परततो. लिंबू पिळण्याचा मोह टाळावा. अननसाची आंबटी पुरेशी असते आणि लिंबाच्या सालीचा वास फुलावर मात करतो. पुदिन्याचेही तेच. भिजवलेला सब्जा घातला तर चवीत काही बिघडत नाही, फक्त तो प्यायच्या वेळी घालावा. चहा आणि पाक आधीच एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवू नये. मी एकदा पाहुण्यांसाठी सकाळीच कालवून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्यात मोगरा शोधून सापडेना.

माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा हा पेला हातात घेतला तेव्हा त्यांनी विचारले, “अगं, पण यात दूध कधी घालायचं?” दूध घालायचे नाही हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःपुरते घालून पाहिलेच. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर असते. त्यामुळे दूध फाटते आणि थोड्याच वेळात कडू लागते. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते ती त्याचमुळे. सासूबाईंनी पेला शांतपणे मोरीत ओतला आणि नेहमीच्या चहाचे आधण ठेवले.

अननसाऐवजी लिचीही चालते, किंबहुना मोगऱ्याशी तिचे अधिक जमते, पण आमच्याकडे ती बाजारात जेमतेम महिनाभर दिसते. हापूसचा प्रयोग मात्र करू नये. त्याचा गर जड, वास त्याहून जड. चहा त्यात केवळ तुरटपणाच्या रूपाने शिल्लक राहतो. आणि सुगंधी म्हणून कोणतेही फूल बरणीत घालू नये. कण्हेर दिसायला मोहक आणि पूर्ण विषारी आहे. ओळखीचे, खाण्यात असलेले फूल नसेल तर तो विचारच सोडावा.

तयार चहा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवला तर आमच्याकडे गणपतीपर्यंत गंध धरून राहतो. त्यानंतर तो हळूहळू पुन्हा साधा हिरवा चहा होतो. साखरेतून निघालेल्या अननसाच्या फोडी अर्ध्या गोड, अर्ध्या कोरड्या अशा उरतात. त्यांवर तिखट-मीठ भुरभुरून मुले त्या उभ्या-उभ्याच संपवतात, आणि चुकून उरल्याच तर दुसऱ्या दिवशी त्यांचा शिरा होतो.