तुम्ही विचारलंत म्हणून: मला वाटी का लागत नाही

"दाढीचा फेस वाटीत करून मग चेहऱ्याला लावला तर काय बिघडतं?" काहीही बिघडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण इतक्या जणांना सांगूनही मी वाटीच्या विरोधात आहे ही समजूत काही जात नाही. मी क्रीम गालावर टेकवतो, ओल्या ब्रशने तिथल्या तिथे घोटून फेस करतो आणि दाढी करतो. यात व्रत नाही, विक्षिप्तपणा नाही, आळसही नाही. (आळस थोडा आहे. धुवायला एक भांडं कमी.)

खरी गोष्ट पाण्याची आहे. दाढीचं जुन्या पद्धतीचं क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातली आम्लं यांचा पोटॅशियम साबण, थोडं ग्लिसरीन आणि पाणी. पोटॅशियमचा साबण मऊ राहतो, पाण्यात चटकन विरघळतो. म्हणून तर तो ट्यूबमधून पिळता येतो. पण ट्यूबमधलं पाणी फेसाला पुरत नाही, वरून घालावं लागतं, आणि किती घालायचं इथेच सगळं फसतं. पाणी कमी पडलं तरी फेस होतोच. उलट दिसायला जास्त भरगच्च, ताठ, फोटो काढण्यासारखा होतो. जास्त झालं तर मोठे बुडबुडे येतात आणि मानेवरून ओघळतात. दाढीला हवा असतो तो मधला: बारीक बुडबुड्यांचा, किंचित चकाकणारा, दोन बोटांत चोळला तर सटकणारा. कारण पात्याखाली फेसाचा ढीग नसतोच. पातं ढीग पुढे ढकलत जातं आणि खाली उरतो साबणपाण्याचा पातळ थर. दाढी होते ती त्या थरावर.

वाटीत हे डोळ्यांनी ठरवावं लागतं. गालावर कळतं. फेस कोरडा असेल तर ब्रश फिरताना कातडी त्याच्याबरोबर ओढली जाते. ब्रशची टोकं पाण्याला नुसती टेकवून पुन्हा फिरवली की तीच जागा गार आणि निसरडी होते. हनुवटीवर आणि मिशीच्या जागी खुंट दाट, तिथे जास्त वेळ जातो; गालावर लवकर होतं. हा फरक वाटीला कसा कळणार?

दुसरं कारण वेळेचं. ओला केस कापायला कोरड्यापेक्षा बराच कमी जोर लागतो, पण केसात पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं जातात. तुम्ही वाटीत घोटत बसता तेव्हा तोंड धुऊन ओला केलेला चेहरा सुकत असतो. माझं घोटणं आणि मुरवणं एकाच वेळी होतं. यावर वाटीवाले म्हणतात, "आम्ही फेस लावून दोन मिनिटं थांबू." जरूर थांबा. थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पूर्वी मी आणखी एक कारण जोरात सांगायचो: ब्रश गोल फिरवला की केस उभे राहतात. हे अशा थाटात सांगायचो, जणू मी भिंग लावून मोजलेत. ब्रशने साबण खुंटाच्या सगळ्या बाजूंना पोचतो, वरची मृत त्वचा थोडी निघते, एवढं मी आजही म्हणेन. उभे राहण्याबद्दल त्या जुन्या मला आता फारसा पाठिंबा देत नाही.

आणि ब्रश घाण असतो का? हा प्रश्न वाटीवाल्यांनी मला विचारावा याची गंमत वाटते. ब्रश त्यांच्याही हातात असतो. भीती मात्र निराधार नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमधून सैनिकांना आणि साध्या नागरिकांनाही अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा जंतुसंसर्ग झाला होता. तेव्हाही दोष केसांचा होता, घोटण्याच्या जागेचा नव्हता. आता ब्रश धुवावा, झटकावा, मोकळ्या हवेत सुकू द्यावा. विषय संपला.

हे सगळं मी बिनदिक्कत सांगत असे. मग दादाचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

दादा कायम जेलवाला, ब्रशला आयुष्यात हात न लावलेला. डाव्या हाताने त्याला रेझर धरता येईना, तेव्हा म्हणाला, "तू एवढं ज्ञान पाजळतोस ना, कर माझी दाढी." मी खूश झालो. खुर्चीवर बसवलं, गरम पाण्याचा टॉवेल दाबला, क्रीम लावलं आणि घोटायला घेतलं. माझा ब्रश तेव्हा डुकराच्या केसांचा होता, फार वापरलेला नव्हता. हे केस वापरून टोकाशी चिरतात तेव्हा मऊ होतात. तोवर ताठ असतात. मला त्याची सवय होती, दादाला नव्हती. फेस सुंदर दिसत होता. दादा म्हणाला, "ओढतंय." मी म्हणालो, "जरा थांब, होतंय." पाणी घेतलं, पुन्हा घोटलं. तो म्हणाला, "आता गळ्यात चाललंय." मी पाणी कमी केलं. "आता परत ओढतंय." मला काहीच कळत नव्हतं. ज्याच्या भरवशावर मी जगाला शिकवत होतो ते सगळं त्याच्या गालावर चाललं होतं आणि माझ्यापर्यंत फक्त पांढरा रंग येत होता. शेवटी मी चिडून म्हणालो, "तुला काय कळतंय यातलं?" तो म्हणाला, "माझा चेहरा आहे, मला नाही तर कोणाला कळणार?"

हे माझंच वाक्य होतं, शब्द तेवढे त्याचे.

गाल निभावले. मानेवर केस वळणावळणाने उगवतात, तिथे मी घोटलंही जास्त आणि रेझरही केसांच्या उलट्या दिशेने मारला. संध्याकाळपर्यंत मान लाल, बारीक पुळ्या, कॉलर लागली की तो कळवळायचा. दादा म्हणे, ब्रशने सोललं. मी म्हणे, ती लाली पात्याची, आणि तूच घाई करत होतास. त्यावर आम्ही काही दिवस नीट बोललो नाही. पुढच्या वेळी त्याने वहिनीकडून जेलने करून घेतली. एकही पुळी आली नाही. हे त्याने मला मुद्दाम कळवलं.

तेव्हापासून एक शंका छळते. न्हावी रोज परक्या चेहऱ्यावर ब्रशने फेस करतो. त्याला कुठे गिऱ्हाइकाचा गाल जाणवतो? त्याला हातात कळत असणार, ब्रश किती जड फिरतोय यावरून. म्हणजे मी जे चेहऱ्याचं शहाणपण म्हणून सांगतो त्यातलं बरंचसं हाताचं असेल, आणि हाताचं असेल तर वाटीतही शिकता येईल. किंवा मला हाताने कधी शिकावंच लागलं नाही, कारण चेहरा सांगत होता. दोन्ही पटतं. माझ्या मानेला तो ब्रश कधीच बोचला नाही, हेही खरं. आता मऊ सिंथेटिक ब्रश आहे. तो दादाच्या सांगण्यावरून घेतलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

एवढं मान्य करतो: मुरुमं असतील, त्वचा सोललेली असेल, तर चेहऱ्यावर घोटू नका. फेस वाटीत करा आणि हलक्या हाताने लावा. मानेवर मीही आता गोल फिरवत नाही, रंग दिल्यासारखा वर-खाली फिरवतो. आणि पाणी जड असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला खातात. तिथे क्रीम जास्त लागतं, मग घोटा कुठेही.

प्लास्टर निघाल्यावर दादाने ब्रश घेतला. आणि वाटी. रुंद, आतून खरखरीत, खास त्यासाठीची. परवा फेस करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "सांग आता." मी दोन बोटांत चोळून पाहिला. चांगला होता, सटकत होता. मी म्हणालो, "थोडं पाणी घाल."