कयाक वही, नोंद ९ : सिडनी हार्बर, सूर्योदय आणि भिंतीवरून परतणारी लाट

नोव्हेंबरपासून आजवर चौदा वेळा कयाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन पाण्यावर गेले. त्यातल्या बहुतेक वेळा नॅराबीन लगूनवर किंवा पॅरामॅटा नदीच्या वरच्या, संथ भागात. ही चौदावी खेप सिडनी हार्बरवरची, गाईडबरोबर, अंधारात निघून सूर्योदय पाहून परत यायची. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सरळ जाणं जमतंय, वळणं जमतंय, पण बाजूने लाट आली की अंग आखडतं. या वेळी नेमकं त्या आखडण्यावरच काम झालं, म्हणून ही नोंद जरा लांबणार आहे.

आधी फेब्रुवारीतली गोष्ट सांगते, ती मागे लिहायची राहिली होती. मैत्रिणीबरोबर एका खाडीत गेले होते. भीती वाटत होती म्हणून काठाला इतकी चिकटून चालले होते की वल्ह्याचं पातं दगडी भिंतीला लागेल. लांबून एक मोटरबोट गेली. ती लांब आहे म्हणून मी लक्षही दिलं नाही. मिनिटभराने लाट आली, होडी उचलली गेली, आणि ती खाली बसायच्या आत दुसऱ्या बाजूनेही लाट आली. मी पाण्यात. लाईफ जॅकेट होतं, पाणी कोमट होतं, मैत्रिणीने होडी धरली, पाच मिनिटांत परत बसले. पण काठाच्या बाजूने लाट आलीच कुठून, हे कोडं डोक्यात राहिलं. तेव्हापासून लाट दिसली की गुडघे होडीला आवळले जायचे.

हार्बरच्या या फेरीची पहिली तारीख पावसाने गेली. जोराचा पाऊस झाला की शहरातलं सगळं पाणी बंदरात उतरतं, आणि नंतर तीन दिवस हार्बरच्या पाण्यात पोहू नये असा इथला सल्ला असतो. कयाकमध्ये उलटण्याची शक्यता धरूनच चालायचं, त्यामुळे तारीख पुढे ढकलली गेली ते बरंच झालं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ठेवणं) संपलं, घड्याळात सूर्योदय सात-दहावरून सहा-दहावर आला, आणि आमचा शनिवार त्यानंतरचा. म्हणजे सव्वापाचला लॅव्हेंडर बे या हार्बरमधल्या खाडीच्या काठावर हजर.

लॅव्हेंडर बे या नावात फुलांचा काही संबंध नाही. पूर्वी इथे कैद्यांचं एक जुनं जहाज नांगरलेलं असायचं, फीनिक्स नावाचं. त्यावरच्या जॉर्ज लॅव्हेंडर या अधिकाऱ्याचं आडनाव खाडीला लागलं. पहाटे तिथे उभं राहिलं की एका बाजूला रुळांवर रिकाम्या लोकल रात्रीच्या मुक्कामाला उभ्या दिसतात, दुसऱ्या बाजूला लूना पार्कचा तो तोंड उघडं टाकलेला भलामोठा चेहरा, 1935 सालापासूनचं मनोरंजन उद्यान आहे ते. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर होता. हवा गार, पण पाण्यात पाय घातला तर पाणी हवेपेक्षा उबदार. इथे एप्रिलमध्ये समुद्र अजून उन्हाळा धरून असतो.

आठवड्यापासून भरतीचं कोष्टक पाहत होते. सिडनीचं कोष्टक फोर्ट डेनिसनच्या मोजणीवर चालतं, हार्बरच्या मधोमध असलेल्या त्या छोट्या किल्ल्याच्या बेटावर. अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी फार चढत-उतरत नाही. तसंही इथे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर जातं, ते डोळ्यांपुढे आणा. कोकणात खाडीत कयाक घालणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल: तिकडे ओहोटीची वेळ चुकली तर परत येताना होडी चिखलात आणि आपण गुडघाभर गाळात. इथे होडी पाण्यात घालायचा उतार कुठल्याही वेळी वापरता येतो. पण प्रवाह विसरून चालत नाही. आम्ही निघालो तेव्हा ओहोटी लागलेली होती, म्हणजे पूर्वेकडे जाताना पाणी बरोबर, परतताना समोरून.

गाईडने काठावर पंधरा मिनिटं घेतली आणि मला ती पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची वाटली. पायांचे टेकू प्रत्येकीचे आणि प्रत्येकाचे तिने स्वतः तपासले. माझे एक खाच लांब होते, त्यामुळे मी इतके दिवस पाय ताणून बसत होते आणि पाय ताणले की कंबर घट्ट होते. एक खाच जवळ घेतल्यावर गुडघे जरा वर आले, मांड्या बाजूंना टेकल्या, आणि होडी अंगात घातल्यासारखी झाली. प्रत्येकाच्या जॅकेटला मागे पांढरा दिवा लावला. अंधारात वल्हवायचं तर पांढरा उजेड जवळ हवाच. मग म्हणाली, "काठाला चिकटू नका. वाळूचा काठ असेल तर ठीक, भिंत असेल तर चार होड्या अंतर ठेवा."

मी विचारलं, का? आणि फेब्रुवारीचं कोडं तिथे सुटलं. वाळूच्या उतारावर लाट चढते, फुटते, तिचं बळ तिथेच जिरतं. उभ्या भिंतीवर लाटेला जिरायला जागाच नसते, ती आली तशी परत फिरते. येणारी आणि परतणारी अशा दोन लाटा भिंतीजवळ एकमेकींवर चढतात आणि पाणी जागच्या जागी वर-खाली उसळत राहतं. सिडनी हार्बर म्हणजे बुडालेलं नदीचं खोरं, काठ कड्यांचे, आणि जिथे कडे नाहीत तिथे शहराने वाळूच्या दगडाच्या भिंती बांधलेल्या. म्हणजे काठ जवळ तितकं सुरक्षित, हे तळ्यातलं गणित इथे उलटं पडतं. शहरातल्या कुठल्याही बंदरात वल्हवणाऱ्यांनी हे आधी पाठ करावं असं मला मनापासून वाटतं.

साडेपाचला पाण्यात. आठ होड्या, मी एकटीच्या होडीत. लूना पार्कच्या पुढून मिल्सन्स पॉइंटला वळसा घातला आणि समोर पूल, सिडनी हार्बर ब्रिज. तो रोज गाडीतून ओलांडते, पण पाण्यावरून, पहाटेच्या निळसर उजेडात तो ओळखीचा वाटला नाही. 503 मीटरची ती कमान 1932 पासून उभी आहे. पाण्यापासून रस्त्यापर्यंत 49 मीटरची मोकळी जागा आहे. पुलाखाली रेंगाळायचं नाही, गटाने एकमेकांजवळ राहायचं आणि थेट पार व्हायचं. आम्ही बरोबर मध्यावर असताना वरून लोकल गेली. आवाज आधी छातीत आला, मग कानात, आणि वल्ह्याच्या दांड्यातून तळहाताला बारीक थरथर जाणवल्यासारखं झालं. माझी लय तिथे तुटली नाही. उजवं पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात, पाठीच्या पिळाने मागे, कंबरेपाशी बाहेर; मग डावं. ताकद हाताची नाही, पाठीची, हे नॅराबीनला शंभरदा घोकलं होतं. इथे ते न घोकता झालं.

पुलापलीकडे किरिबिलीच्या कडेने, भिंतीपासून अंतर राखून, किरिबिली पॉइंटपर्यंत गेलो. टोकावर गव्हर्नर जनरल आणि पंतप्रधान यांचे सिडनीतले बंगले आहेत, झाडांतून दिवे दिसत होते. तिथे गाईडने सगळ्या होड्या एकमेकींना लावायला सांगितल्या, वल्ही आडवी टाकून शेजारच्या होडीवर हात. तांबडं फुटलेलंच होतं. एप्रिलमध्ये सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, म्हणून फोर्ट डेनिसनच्या डाव्या अंगाने, टेकड्यांच्या आडून येणार हे ठाऊक होतं. सगळे तिकडे पाहत होते. गाईड म्हणाली, "आता मागे बघा."

मागे ऑपेरा हाउस. सूर्य आम्हाला दिसायच्या आधी त्याच्या माथ्याला लागला होता. त्या छपरांवर 10,56,006 टाइल आहेत, स्वीडनहून आणलेल्या, दोन प्रकारच्या: काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद साईच्या रंगाच्या. दिवसा लांबून सगळं एकसारखं पांढरं दिसतं. पण उजेड आडवा पडतो तेव्हा चकचकीत टाइल आधी पेटतात आणि मंद टाइल मागून, त्यामुळे छपरावरचे पट्टे वेगळे दिसायला लागतात. सर्वांत वरच्या टोकाला गुलाबी ठिपका, मग तो खाली उतरत कडेकडेने सांडत गेला. मी काही बोलले नाही. शेजारच्या होडीतल्या काकू चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

मग कॉफी. गाईडच्या होडीत पेटी होती, त्यातून एकेकाला कागदी कप. होड्या सुट्या झाल्या, एका हातात कप, वल्हं मांडीवर. आणि त्याच वेळी सर्क्युलर की या फेरीबोटींच्या धक्क्याकडून भोंगा. तीन छोटे भोंगे, म्हणजे बोटीचं इंजिन उलटं चालतंय, ती धक्क्यावरून मागे निघतेय. हा नियम जगभर एकच आहे, कानाला सवय करून घ्या. पाच मिनिटांत मॅनलीकडे जाणारी फेरीबोट आमच्या दक्षिणेने गेली. जाताना पाणी हललंही नाही. फेब्रुवारीत मी यातच फसले होते. बोट गेली की गेली असं वाटतं. या वेळी मोजायला लागले. सत्तरच्या आसपास आकडा आला आणि पाण्यावर काळपट घड्या सरकत येताना दिसल्या.

"कप बघा," गाईड म्हणाली. "लाटेकडे बघू नका. कॉफी सपाट राहिली पाहिजे, बाकी होडीचं होडी बघेल."

पहिली लाट आली तेव्हा गुडघे आवळले गेलेच. कॉफी काठावरून अंगठ्यावर आली, गरम. दुसऱ्या लाटेला मी श्वास सोडला आणि कंबर सैल सोडली. होडी डावीकडे कलली, माझे नितंब तिच्याबरोबर कलले, पण पोटापासून वर मी होते तिथेच. कपातली कॉफी एका बाजूला चढली, कडेशी थांबली, परत आली. तिसरी, चौथी. मग किरिबिलीच्या भिंतीवरून परतलेली लाट मागून आली, तिची मी वाटच पाहत होते, तिलाही कॉफी सांडली नाही. तोंडात शब्द आला तो माझ्या मामांचा. आचऱ्याच्या खाडीत मामा होडी चालवायचे, मी आठ वर्षांची, काठ घट्ट धरून बसलेली. ते म्हणायचे, कंबर होडीक दे, मान आपल्याकडे ठेव. तीस वर्षांनी कंबरेला ते समजलं.

परत निघायच्या आधी गाईडने या पाण्याच्या मूळ लोकांबद्दल सांगितलं, गडिगल आणि कॅमेरेगल. त्यांच्या झाडाच्या सालीच्या होडीला इथल्या भाषेत नावी म्हणत. मी तिला म्हटलं की आमच्या भाषेत होडीला नाव म्हणतात. योगायोगच, पण आम्ही दोघी थोडा वेळ गप्प झालो. सालीचा एक लांब पत्रा, दोन्ही टोकं बांधलेली, कड पाण्यापासून वीतभरही वर नाही. त्यात बसून बायका मासे धरायच्या, मातीच्या थरावर छोटा विस्तव पेटता ठेवून, तान्हं मूल बरोबर घेऊन. पुलाच्या पश्चिमेचा किनारा ज्या बारंगारूच्या नावाने ओळखला जातो, ती कॅमेरेगल बाईही मासेमारी करणारी होती. ऑपेरा हाउसची जागा ज्याच्या नावाने बेनेलाँग पॉइंट म्हणतात त्या बेनेलाँगची ती बायको. विस्तव आणि मूल घेऊन त्या होडीत तोल राखणारी कंबर केवढी तरबेज असेल, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत राहिले.

परतताना ओहोटी समोरून, पुलाखाली वेग कमी झालेला जाणवला. परतीच्या वाटेवर गाईडने लो ब्रेस ही तोल सावरायची हालचालही करून घेतली: कोपरं वर, पात्याची पाठ पाण्यावर थापटायची आणि त्या क्षणी कंबरेने होडी अंगाखाली ओढून घ्यायची. उजवीकडे दहापैकी सात वेळा जमलं, डावीकडे चार. डाव्या बाजूला मी पातं उशिरा टाकते आणि डोकं आधी उचलते. डोकं शेवटी आलं पाहिजे, ते आधी उचललं की होडी आणखी कलते.

आकडे: घड्याळानुसार 5.8 किलोमीटर, पाण्यावर एक तास पन्नास मिनिटं, त्यात थांबण्याची तीस मिनिटं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी फोड, मूठ अजून घट्ट आहे याची खूण. हात पुढे जाताना बोटं उघडी ठेवून दांडा नुसता ढकलायचा, यावर पुढचे दोन आठवडे. वल्हं 220 सेंटिमीटरचं होतं, माझ्या उंचीला पाच-दहा सेंटिमीटर कमी चाललं असतं असं वाटतंय. पुढच्या वेळी 215 मागून घेणार.

पुढची नोंद मे महिन्यात, तरणतलावात उलटून बाहेर यायच्या सरावाची. त्यानंतर पुन्हा हार्बर, पण उधाणाच्या दिवसांत, गाईड बरोबर घेऊनच. कुणी कोकणात भिंतीच्या किंवा जेटीच्या कडेला परतणारी लाट अनुभवली असेल तर जरूर लिहा, विशेषतः पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात ती कशी वागते ते मला समजून घ्यायचंय.

कपाच्या तळाशी चार घोट उरले होते. ते लूना पार्कसमोर, मागून दुसरी फेरीबोट जात असताना, एका हाताने प्याले.