कंदील अपडेट : एक पट्टी वर, एक पट्टी खाली

तर वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या गेटवरचा कंदील यंदा पोरी कोड करतायत, पाचजणी, सहावी ते नववीतल्या. आयडिया उसनी आहे, २०१४ च्या डिसेंबरात व्हाइट हाऊसजवळच्या ५६ ख्रिसमस ट्रींचे लाइट मुलींच्या कोडवर लागले होते, गूगलच्या मेड विथ कोड या मुलींना कोडिंगकडे वळवणाऱ्या उपक्रमातून, तेव्हापासून डोक्यात होतं की झाड नसलं तरी आपल्याकडे कंदील आहेच की.

हार्डवेअर पटकन सांगते. डब्ल्यूएस२८१२बीच्या (यात प्रत्येक एलईडीचा रंग कोडमधून वेगळा ठरवता येतो) ८ पट्ट्या, एकीत १८ म्हणजे १४४ एलईडी, ईएसपी३२ (कोड चालवणारा छोटा बोर्ड), ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). फुल व्हाइटला एलईडीमागे ६० मिलिअँप धरा, ८.६ अँपिअर होतात, उगाच मोबाइलच्या चार्जरवर लावायला जाऊ नका.

शनिवारी पहिल्यांदा टांगला. लाल सांगितला तर हिरवा लागला (कलर ऑर्डर जीआरबी असते, म्हणजे आधी हिरवा मग लाल, मला माहीत होतं, मुद्दाम गप्प बसले) ते त्यांनी दहा मिनिटांत सोडवलं. पण उजेड खालून वर चढायला हवा तर एक पट्टी वर जातेय आणि शेजारची खाली येतेय, आणि कट्ट्यावरचे आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "कंदील आहे का लिफ्ट?" झालं. सातवीतली एकजण तिथेच पायरीवर बसली, चौकटीच्या वहीत आकडे मांडले, पहिल्या पट्टीत खालून ० ते १७, मग वायर वरून वळून खाली येते म्हणून दुसरीत क्रम उलटा, वर १८ आणि सगळ्यात खाली ३५, आणि मला म्हणते, "काकू, एकाआड एका पट्टीत १७ मधून वजा करायचं ना?" हेच मी घरी टेबलावर तीन रविवार शिकवत होते तेव्हा बाईसाहेब जांभया देत होत्या!

बाकी राहिलेलं : फुल व्हाइटला शेवटची पट्टी नारिंगी पडते. व्होल्टेज ड्रॉप, निळ्याला जास्त व्होल्ट लागतात म्हणून तो आधी मरतो. दुसऱ्या टोकालाही ५ व्होल्टची वायर द्यायचीय. बटण दाबलं तरी पॅटर्न लगेच बदलत नाही कारण पोरींनी जिथेतिथे डिले घातलाय (तेवढा वेळ कोड नुसता थांबून राहतो), ते मिलिसवर, म्हणजे न थांबता घड्याळ बघत चालण्यावर, आणायचंय, पण यावेळी मी नाही सांगणार, आजोबा आहेतच.

ईएसपी३२ सध्या श्रीखंडाच्या डब्यात आहे. कुणाकडे बरा वॉटरप्रूफ बॉक्स पडून असेल तर सांगा, ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.