पाठ उघडल्यावर

पंचनाम्यात ‘जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाल्याचा संशय’ असं लिहिलं होतं, आणि टेबलावरच्या माणसाच्या अंगावर माराची खूण जवळजवळ नव्हती. उजव्या गालावर खरचटलेलं, त्यात रस्त्याची बारीक खडी. दोन्ही मनगटांवर घट्ट धरल्याचे लालसर पट्टे. गुडघे सोललेले. काठीचा वळ नाही, डोक्याला खोक नाही, बरगडी मोडलेली नाही.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक विभागात काम करते. जमावाने मारलेली माणसं आम्ही पाहिलेली असतात. 2018 साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. तिथे काय घडलं हे कळायला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. हे प्रकरण तसं नव्हतं, म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आठवडी बाजारात एका बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र कुणीतरी ओढलं. आरडाओरडा झाला. हा पळत होता, लोक मागे लागले, चौघांनी त्याला पाडला, उपडा केला आणि पोलिस येईपर्यंत दाबून धरला. पोलिस आले तेव्हा तो हलत नव्हता. मंगळसूत्र त्याच्याकडे सापडलं नाही. शवागारात जो येईल तो मला विचारत होता, “चोरच होता ना, मॅडम?” याचं उत्तर शवविच्छेदनात मिळत नाही, आणि ते मिळालं असतं तरी मृत्यूच्या कारणात काडीचाही फरक पडला नसता.

पापण्या उलटून पाहिल्या तर आत सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके होते. चेहरा सुजट, काळानिळा. फुप्फुसं जड, रक्ताने भरलेली. श्वास कोंडल्याकडे बोट दाखवणाऱ्या या खुणा आहेत, पण एकट्या त्यांच्यावर अहवाल उभा राहत नाही. इतर मृत्यूंमध्येही त्या दिसतात. मान मी नेहमी सगळ्यात शेवटी उघडते. आधी डोकं आणि छाती मोकळी केली की मानेतलं रक्त निथळून जातं, मग एकेक स्नायू वेगळा करत आत जायचं. घाईने मान आधी उघडली तर कापताना सांडलेलं रक्तच मार म्हणून नोंदवलं जातं. या माणसाची मान स्वच्छ होती. घशातलं हायॉइड नावाचं नाजूक हाड शाबूत, स्नायूंत रक्त नाही. गळा कुणी आवळला नव्हता.

मग पाठ. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाठ उघडतच नाहीत. ओलं प्रेत उपडं करायला दोन माणसं लागतात, आणि परिचर एकच असतो. ग्रामीण रुग्णालयात तर सकाळची ओपीडी संपवून आलेला एमबीबीएस मुलगा शवविच्छेदन करतो. त्याला हे कुणी हाताला धरून शिकवलेलंच नसतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. कातडीवर काहीही दिसत नसताना खाली स्नायूंत सगळं लिहिलेलं असू शकतं. मानेपासून कमरेपर्यंत सरळ छेद घेतला, कातडी दोन्ही बाजूंना सोडवली. दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध तळहाताएवढा काळसर रक्ताचा डाग, स्नायूंत खोलवर. कमरेच्या वर तसाच दुसरा, थोडा फिका. वरच्या कातडीवर दोन्ही ठिकाणी साधा ओरखडाही नाही. पँट घातलेला गुडघा रेटून ठेवला की असंच होतं.

हृदयातही काहीतरी निघालंच. पुढची धमनी साधारण निम्मी अरुंद झालेली. जुना किंवा नवा झटका उघड्या डोळ्यांना दिसला नाही. तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला दिले. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात, रक्त सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत, प्रादेशिक प्रयोगशाळेकडे. हात धुताना हवालदार जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, अटॅकच लिहा ना. चार घरं वाचतील.” ते वाईट माणूस नाहीत. त्या चौघांतला एक त्यांच्या ओळखीचा होता. पण निम्मी अरुंद धमनी घेऊन हजारो माणसं रोज शेतात राबतात. हा नेमका त्या बाजारात, नेमका त्या गुडघ्याखाली का मेला, याचं उत्तर त्या धमनीत नाही.

तपास अधिकाऱ्यांनी व्हिडिओ दाखवला. कुणीतरी मोबाइलवर काढलेला, सात-आठ मिनिटांचा. एकाचा गुडघा पाठीवर, दुसरा कमरेवर बसलेला, तिसऱ्याने हात मागे ओढलेले, चौथ्याने पाय धरलेले. शिव्या आहेत, पण एकही फटका नाही. उलट एक म्हातारा ओरडतोय, “मारू नका रे, पोलिसांच्या ताब्यात द्या!” खालचा माणूस पुन्हापुन्हा छाती उचलायचा प्रयत्न करतो. प्रत्येक वेळी आवाज येतो, “जोर करतोय, दाबा!” आणि वजन वाढतं.

तो जोर पळण्यासाठी नव्हता. उपड्या माणसाला श्वास घ्यायला छाती फुगवावी लागते आणि पोट खाली सरकावं लागतं. भात्यावर धोंडा ठेवावा तसं त्याचं झालं होतं. शिवाय तो धावून आलेला. धावल्यावर रक्तात आम्ल साठतं, ते काढायला भराभर खोल श्वास लागतात, आणि नेमके तेच त्याला घेता येत नव्हते. मध्येच तो म्हणतो, “श्वास... सोडा...” त्यावर कुणीतरी म्हणतो, “बोलतोय की चांगला!” साध्या श्वासात साधारण 500 मिलीलिटर हवा आत जाते. त्यातली 150 च्या आसपास घसा आणि श्वासनलिका भरण्यातच संपते, रक्तापर्यंत पोचत नाही. श्वास तेवढ्यावर आला तरी स्वरयंत्रातून आवाज निघतो. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खटल्यात 2021 साली फुप्फुसतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी ज्यूरीला हेच समजावून सांगितलं होतं. बोलणारा माणूस गुदमरत नाही हा समज पोलिसांत आहे, डॉक्टरांत आहे, बाजारात तर आहेच. पाचव्या मिनिटाच्या आसपास तो शांत होतो. “आला वठणीवर,” कुणीतरी म्हणतं. गुडघा तसाच राहतो. शेवटची दोन मिनिटं मी आवाज बंद करून पुन्हा पाहिली, कारण त्या दोन मिनिटांत कुणी त्याला नुसता कुशीवर वळवला असता तर कदाचित तो माझ्या टेबलावर आला नसता.

नंतर मी न्यूयॉर्कच्या जॉर्डन नीली प्रकरणाचं मिळेल ते वाचलं. 1 मे 2023 ला भुयारी रेल्वेत प्रवाशांना घाबरवणाऱ्या या तरुणाला डॅनियल पेनी या अमेरिकेच्या मरीन दलातल्या माजी सैनिकाने मागून गळ्यात हात घालून सुमारे सहा मिनिटं धरलं. आणखी दोघांनी मदत केली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मानेवरचा दाब हे कारण दिलं. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने सिकल सेल हा रक्तातला आनुवंशिक गुणधर्म, मानसिक आजार, अमली पदार्थ आणि झटापट यांकडे बोट दाखवलं. डिसेंबर 2024 मध्ये पेनी निर्दोष सुटला. गाडीतली माणसं खरोखर घाबरली होती, हे मी मान्य करते. आमच्या बाजारातली ती बाईही घाबरली होती, तिच्या मानेवर साखळीचा व्रण होता. पण मेलेल्याच्या शरीरातला जुना दोष शोधून सगळा भार त्याच्यावर टाकायची पद्धत तिथेही तीच पाहून मी बराच वेळ सुन्न होते.

कायद्याने त्या चौघांना पकडायचा अधिकार होता. हिसकावून चोरी हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तो डोळ्यांसमोर घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 खाली सामान्य माणूसही अटक करू शकतो. सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त बंधन घालू नये, असंही तीच संहिता सांगते. हे वाक्य बाजारात कुणाला माहीत असणार? गणपती मंडळांचे स्वयंसेवक, गृहरक्षक, मॉलचे सुरक्षारक्षक, सगळ्यांना ‘पकडा’ शिकवतात. पकडल्यावर उपडं ठेवू नका, पाठीवर बसू नका, कुशीवर वळवा, हे सांगायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मी पोलिस दलाकडे लेखी विनंती केली आहे की प्रशिक्षणात मला तेवढा वेळ द्या.

अहवालात मी लिहिलं : उपड्या स्थितीत पाठीवर पडलेल्या दाबामुळे श्वास कोंडून मृत्यू, रासायनिक आणि सूक्ष्मदर्शक तपासणीचे अहवाल प्रतीक्षेत. भारतीय न्याय संहितेतलं सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लावायचं की निष्काळजीपणाने मृत्यूचं 106, हे माझं काम नाही. तरी आता पोलिसांचं पत्र आलं आहे : ‘सदर मृत्यू हृदयविकाराने झालेला असू शकतो काय?’ मी उत्तरात व्हिडिओतली प्रत्येक मिनिटाची स्थिती लिहून पाठवली आहे.

चौघांपैकी पाय धरणारा भाजीवाला एकदा शवागाराबाहेर येऊन थांबला होता. पन्नाशीचा, हातात टोपी. “मॅडम, म्या निस्ते पाय धरले व्हते. पाय धरल्यानं मानूस मरतो का?” तपास चालू आहे, मला बोलता येणार नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. साक्षीला उभी राहिले की हाच प्रश्न वकील विचारणार. पाय मोकळे असते तर त्याला गुडघ्याचा आधार घेऊन कुशीवर वळता आलं असतं, असं मला शपथेवर सांगावं लागेल, आणि तेव्हा तो भाजीवाला समोर बसलेला असेल.