कुरडईवर चीक

सकाळी सातला फोन. "दादा, तुमच्या पिशव्यांना घाम सुटलाय. येऊन बघा बरं."

आदल्या रात्री मृगाचा पहिला पाऊस दणकून झाला होता. भोकरदन तालुक्यातल्या एका बचत गटाला मे महिन्यात आम्ही २०० पिशव्या दिल्या होत्या, कुरडया भरायला. मक्याच्या स्टार्चच्या. काय झालं असेल ते फोन ठेवतानाच कळलं. तरी गाडी काढली. तोंड तर दाखवायलाच हवं.

जालन्यात आमचा भाड्याचा गाळा आहे. सुरुवात लग्नात उरलेल्या भातापासून केली होती. वाया जाणाऱ्या अन्नाचं प्लास्टिक, ऐकायला छान वाटतं! पण मंगल कार्यालयातून येणाऱ्या पातेल्यात साधा भात कमी, मसालेभातच जास्त. तेलामुळे फिल्मला, म्हणजे त्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याला, डोळे पडायचे, मीठ ओल धरायचं, आणि दुपारनंतर त्या पातेल्याजवळ उभं राहवायचं नाही. शिवाय शिजून गार झालेल्या भातातला स्टार्च पुन्हा आखडून बसतो, सहजी मोकळा होत नाही. रसवाल्यांकडची मोसंबीची सालं वाळवून, दळून मिसळली तर फिल्म जरा ताठ होते, एवढंच त्या दोन महिन्यांतून हाती लागलं. खायच्या वस्तूला उष्ट्या अन्नाचं आवरण द्यायचं नाही हे मात्र आधीच ठरलेलं. म्हणून कुरडईसाठी स्वच्छ मका स्टार्च आणि खाण्यायोग्य ग्लिसरीन.

१०० ग्रॅम स्टार्च, लिटरभर पाणी, ३० ग्रॅम ग्लिसरीन, किंचित व्हिनेगर, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ नुसतं पांढरं पाणी. ६५-७० अंशांच्या आसपास हाताला एकदम जड लागतं आणि बघता बघता दुधाची काच होते. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले, फुटलेले असतात. हा क्षण मी शेकडो वेळा पाहिलाय, अजून कंटाळा आलेला नाही. मग ताटांत पातळ पसरायचं, वाळवायचं, अलगद सोडवायचं. कडा ओल्या बोटानं चिकटवल्या की पिशवी तयार. ग्लिसरीन स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींना घट्ट धरू देत नाही, म्हणून फिल्म वाकते. नाहीतर हातात पापड.

मेमध्ये पापडच झाला. पारा ४२ वर, हवा ठणठणीत कोरडी, घडी घातली की तडा. मी ग्लिसरीन ४५ ग्रॅमवर नेलं. पिशव्या लुसलुशीत झाल्या, मी खूश. पाणीसुद्धा ग्लिसरीनचंच काम करतं आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, हे ठाऊक असून सोयीस्कर विसरलो. मेच्या हवेत पाणी नव्हतं, म्हणून पिशवी तडकत होती. मी उन्हाळ्याचं औषध पिशवीला दिलं आणि पुढे पावसाळा आहे हे ध्यानातच घेतलं नाही.

ओसरीवर भरलेल्या आणि रिकाम्या पिशव्यांची एकच ढेप झाली होती. वरची उचलली तर खालच्या तीन सोबत आल्या. अंगावर बारीक चिकट थेंब. बोट चाटून पाहिलं, गोडसर. मुंग्यांना ते माझ्याआधीच कळलं होतं. आतल्या कुरडया मऊ पडून आवरणाला लागलेल्या, सोडवायला गेलं की जाळी तुटून हातात यायची.

"ह्या करता तरी कशा?" गटातल्या काकूंनी विचारलं. मी स्टार्च, पाणी, ढवळणं, सगळं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. "अहो, मग हा चीकच की! कुरडईवर चीक थापला तुम्ही."

मग ओसरीवरच्या चौघीजणी मिळून मला शिकवायला लागल्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, उकळत्या पाण्यात चीक हाटायचा. मका स्टार्चच्या कारखान्यातही थोड्याफार फरकानं हेच चालतं. "आभाळ आलं की आम्ही चीक हाटत नाही," काकू म्हणाल्या, "आन् वाळलेली कुरडई डब्यात ठेवतो, झाकण लावून. तुम्ही उघड्यावर ठेवायला सांगितलं."

खरंच सांगितलं होतं. हवेशीर ठेवा म्हणालो होतो.

बाजारातल्या कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांत स्टार्चसोबत पीबीएटी किंवा पीएलए ही कुजणारी प्लास्टिकं मिसळतात ते याचसाठी, ओलीत पिशवी टिकावी म्हणून. पण त्याला एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणारं यंत्र लागतं, ताटं आणि शेगडी घेऊन ते जमत नाही. मेमध्ये गटातल्या एकीनं पिशवीवर 'कंपोस्टेबल' छापा म्हणून हट्ट धरला होता. मी नाही म्हणालो, कारण त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकाच्या चाचण्या आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. छापलं असतं तर आज शब्दाला जागलो असतो, तेही मुदतीआधी.

भरलेल्या ४० पिशव्यांपैकी ६ काकूंनी सवयीनं पत्र्याच्या डब्यात टाकल्या होत्या. त्या कोरड्या, मऊ, एकमेकींपासून सुट्या निघाल्या. त्या मी नमुन्याला मागितल्या.

"न्या की. पण बाकीच्या कुरडयांचे पैसे द्यावे लागतील हं, दादा."

३४ पिशव्या, पाव पाव किलोच्या. साडेआठ किलो कुरडया मोटारसायकलला बांधून घरी आणल्या. आईनं उन्हाची तिरीप आली की परात बाहेर काढायचा नेम धरलाय. कुरडईला चिकटलेला पापुद्रा खरवडायच्या भानगडीत ती पडत नाही, तशीच तळते. म्हणते, चीकच आहे, आत काय नि बाहेर काय.