पुढचा भाग कोण उघडतं: क्रमशः कथा ऑनलाइन लिहितानाचा माझा अनुभव

चोवीस भागांची कथा, आठवड्याला दोन भाग, प्रत्येक भाग साधारण २५०० शब्दांचा. म्हणजे १२ आठवडे रोज नवे आकडे समोर येणार: वाचनं, लाइक, कमेंट, रेटिंग, फॉलोअर. एवढ्या काळात मला एकच गोष्ट शोधायची होती. वाचक कुठे थांबतो आणि का थांबतो? कथा किती लोकप्रिय झाली हे कळून पुढचं प्रकरण सुधारत नाही. वाचक थांबल्याची जागा कळली तर सुधारतं.

आधी प्रत्येक आकडा नेमकं काय मोजतो ते पाहून घ्यावं लागलं. 'वाचनं' म्हणजे पान उघडल्याची नोंद, पान वाचल्याची नव्हे. आणि प्रत्येक ठिकाणी मोजणी वेगळी. वॉटपॅड या कथा लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाची वाचनं आणि मतं वेगवेगळी दिसतात. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संकेतस्थळावर उघडण्याची संख्या संपूर्ण कथेची मिळून एकच असते, आणि एका वाचकाला एका कथेला 'कुडोज', म्हणजे तिथला लाइक, एकदाच देता येतात. त्यामुळे तिथे २० भागांच्या कथेत उघडणीमागे कुडोजचं प्रमाण एकभागी कथेपेक्षा कमीच दिसतं. तोच वाचक नव्या भागासाठी पुन्हा येतो, उघडणी वाढते, कुडोज मात्र तेवढेच राहतात. हे ठाऊक नसेल तर कथा चांगली चाललेली असतानाही ती घसरतेय असं वाटतं. रॉयल रोड या क्रमशः कथांच्या संकेतस्थळावर सविस्तर परीक्षण लिहिणारा शैली, कथानक, व्याकरण आणि पात्रं यांना वेगवेगळे तारे देऊ शकतो. तिथे एकूण सरासरीपेक्षा हे चार आकडे आधी पाहावेत.

भागवार वाचनं मिळत असतील, तर सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गळतीचा तक्ता. एका रकान्यात भागाचा क्रमांक, दुसऱ्यात वाचनं, तिसऱ्यात आधीच्या भागाशी टक्केवारी. समजा, भाग १ ला ४००, २ ला १८०, ३ ला १६५, ४ ला १५८, ५ ला ११० आणि ६ ला १०६ वाचनं आहेत. टक्केवारी येते ४५, ९२, ९६, ७० आणि ९६. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अर्ध्याहून अधिक गळती होते, तिची काळजी करायची नाही. पहिला भाग उघडणाऱ्यांत नुसते डोकावणारे पुष्कळ असतात. खरा इशारा आहे तो ७० चा.

इथे माझ्याकडून सुरुवातीला जी चूक झाली ती बहुतेक सगळ्यांकडून होते. आकडा पाचव्या भागाचा पडला म्हणून पाचवा भाग दुरुस्त करायला घेतला जातो. पण ज्याने पाचवा उघडलाच नाही, त्याला पाचव्यात काय आहे हे कुठून कळणार? त्याचा निर्णय चौथ्यात झालेला असतो, आणि बऱ्याचदा चौथ्याच्या शेवटच्या २००-३०० शब्दांत. भाग अशा जागी संपलेला असतो की प्रश्न सुटून गेलाय, नवा उभा राहिलेला नाही, आणि वाचकाला कथा इथेच ठेवली तरी चालतं. क्वचित कारण आणखी मागे असतं: चौथा भाग लांबलचक पूर्वकथेत गेलेला असतो आणि वाचक शेवटापर्यंत पोचतच नाही.

मजकुराला हात लावण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी तपासाव्यात. दोन भागांमध्ये नेहमीपेक्षा मोठा खंड पडला होता का? चार दिवसांची सवय लागलेल्या वाचकाला पंधरा दिवस थांबवलं तर गळती होतेच, तिचा दोष कथेला देता येत नाही. आणि भागाच्या तळाशी दिलेला 'पुढील भाग' हा दुवा बरोबर पानावर जातो का? दुवे हाताने टाकावे लागत असतील, तर एखादा हमखास चुकतो. उलट, एखाद्या भागाची टक्केवारी शंभरच्या वर गेली तर तो भाग कोणीतरी स्वतंत्रपणे शेअर केलेला असतो. तो आकडा तक्त्यातून वगळायचा.

तुलना सारख्या वयाच्या भागांचीच व्हावी. काल टाकलेल्या भागाची महिनाभर जुन्या भागाशी तुलना केली तर प्रत्येक वेळी कथा संपत आल्यासारखी वाटते. म्हणून प्रत्येक भागाची सातव्या दिवसाची संख्या लिहून ठेवायची. आकडा नंतर मागे जाऊन मिळत नाही, त्याच दिवशी टिपावा लागतो.

लाइक आणि क्रमवारी यांच्याकडे पाहताना मला दोन प्रयोगांचा फार उपयोग झाला. २००६ मध्ये मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी १४,००० हून अधिक लोकांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकवली. काहींना आधीच्या डाउनलोडची संख्या दिसत होती, काहींना नाही. संख्या दिसणाऱ्यांचे आठ वेगळे गट होते. त्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागणिक बदललं. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही झालं. २०१३ मध्ये लेव्ह मुच्निक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या कमेंटांना यादृच्छिकपणे एकेक खोटं अनुकूल मत दिलं. त्या कमेंटांचं अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं. खोट्या प्रतिकूल मताचा परिणाम मात्र इतर वाचकांनी भरून काढला.

आपल्यातल्या बहुतेकांच्या कथा त्या 'मधल्या' गटात असतात. म्हणजे पहिल्या दिवसाचे लाइक नशिबाचा भाग आहेत, त्यावरून स्वतःच्या लेखनाची किंमत ठरवू नये. पण मग ओळखीच्यांना सांगून पहिले दहा लाइक मिळवावेत का? माझं उत्तर ठामपणे 'नको' असं आहे. त्याने कथा वर जाईलही, पण माझा मोजमापाचा काटाच बिघडेल आणि पुढे काय खरं, काय भरीचं हे मलाच कळणार नाही. 'तू माझं वाच, मी तुझं वाचते' या देवाणघेवाणीचंही तेच. ३००० शब्दांच्या भागावर दोन मिनिटांत 'अप्रतिम' आलं, तर मिनिटाला २०० शब्द धरले तरी वाचायला १५ मिनिटं लागतात, हे लक्षात घेऊन ती कमेंट मोजणीतून बाजूला काढते.

रेटिंगबद्दल थोडक्यात. मतं थोडी असताना सरासरी पाहू नये. नऊ पंचतारे आणि एक एकतारा मिळून ४.६ होतात, ९९ पंचतारे आणि तोच एकतारा मिळून ४.९६. दोन कथांची तुलना करायचीच असेल, तर प्रत्येकीत ४.० ची दहा काल्पनिक मतं मिसळून पाहावं. तीन मतांवरचा ५.० मग ४.२३ वर येतो, आणि ४० मतांवरचा ४.४ होतो ४.३२. दुसरी कथा पुढे आहे हे तेव्हा दिसतं.

आता कमेंट. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांचा २००६ चा ठोकताळा असा, की ऑनलाइन समूहात ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का सतत लिहितो. म्हणजे कमेंट करणारा हा सरासरी वाचक नसतो. 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) आणि 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) यांनी मन भरून येतं आणि लिहीत राहायला बळ मिळतं. पण त्यांतही माहिती असते, ती त्यांच्या नसण्यात. दर भागाला 'पुभाप्र' लिहिणारे सहा जण असतील आणि एका भागावर त्यातले दोघेच आले, तर तो भाग पुन्हा उघडून वाचायचा.

लांब कमेंटमध्ये वाचक बहुतेकदा उपाय सांगतो: 'त्या दोघांची भेट लवकर घडवा', 'काकांचं पात्र काढून टाका'. उपाय जसाच्या तसा घेतला तर कथा दुसऱ्याचीच होते. मी वहीत उपायासमोर एक प्रश्न लिहिते: हे म्हणताना तो कोणत्या प्रसंगापाशी उभा होता? 'भेट लवकर घडवा' याच्या मागे बहुधा मधले दोन प्रसंग एकच काम करत असतात. त्यातला एक गेला की भेट आहे तिथेच राहूनही तक्रार थांबते.

भागाच्या शेवटी 'कसं वाटलं ते नक्की कळवा' असं लिहिलं की 'छान' येतं, कारण प्रश्नच 'छान' मागतो. एकाच ओळीत उत्तर देता येईल असा एकच नेमका प्रश्न विचारावा. 'कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं?' हा चांगला. 'पत्र कोणी लिहिलं असेल असं वाटतंय?' हा त्याहून चांगला, कारण पेरलेले धागे वाचकाच्या हाती लागले की नाही ते अंदाजावरूनच समजतं. सगळ्यांचा अंदाज बरोबर आला तर धागा फार उघडा आहे. एकाचाही जवळपास नसेल तर तो दिसलेलाच नाही. असा प्रश्न दर चौथ्या भागाला पुरे, दर भागाला विचारला की उत्तरं आटतात. पहिली दोन उत्तरं स्वतंत्र समजावीत, पुढची त्यांच्या सावलीत लिहिलेली असतात.

म्हणून खरा अभिप्राय प्रकाशनाआधी, एकमेकांची उत्तरं न पाहणाऱ्या पाच बीटा वाचकांकडून, म्हणजे खर्डा आधी वाचून पाहणाऱ्यांकडून, घ्यावा. परिच्छेदांना क्रमांक घालून मजकूर द्यायचा आणि समासात चारच खुणा मागायच्या: 'क' कंटाळा आला, 'ग' गोंधळ झाला, 'प' पटलं नाही, 'आ' आवडलं. कारण देण्याची सक्ती नाही; कारणं मागितली की लोक समीक्षक होतात आणि वाचणं बाजूला राहतं. पाचपैकी दोघांनी तीन परिच्छेदांच्या आत तीच खूण केली की दुरुस्ती करायची. एकट्याची 'ग' असेल तर जागा तपासायची. एकाच परिच्छेदावर 'क' आणि 'आ' दोन्ही आले, तर तो तसाच ठेवायचा, तिथे आवडीनिवडीचा प्रश्न आहे. दुसऱ्या खर्ड्यासाठी निदान दोन नवे वाचक लागतात, कारण पुढे काय होणार हे माहीत असलेल्याला गोंधळ जाणवत नाही.

कमेंटला उत्तर देताना आभार मानावेत, वाचकाचा मुद्दा कळला हे सांगावं आणि थांबावं. कथेत जे स्पष्ट व्हायला हवं होतं ते कमेंटमध्ये समजावलं, तर पुढच्या नव्या वाचकाला ते मिळत नाही; तो कमेंट वाचत नाही. टोचणाऱ्या कमेंटला मी एक दिवस गेल्यावर उत्तर देते. मालिका चालू असताना शुद्धलेखन, नावांचा आणि तारखांचा घोळ एवढंच दुरुस्त करावं. घटनाक्रम बदलला तर आधीच वाचून गेलेले वाचक आणि नवे वाचक दोन वेगळ्या कथांवर बोलू लागतात.

मालिका संपल्यावर गळतीच्या जागा दुरुस्त केल्या की परिणाम मोजायचा. इथे वजाबाकी विसरू नये. समजा, बदलाच्या दिवशी चौथ्या भागाला १५८ आणि पाचव्याला ११० वाचनं होती; महिन्याने ती २३८ आणि १८२ झाली. एकूण आकड्यांवर टक्केवारी येते ७६, म्हणजे फारसा फरक नाही असं वाटेल. पण बदललेला मजकूर वाचलाय तो फक्त नव्या लोकांनी: चौथा ८० जणांनी, पाचवा ७२ जणांनी. ते होतात ९० टक्के. नवी वाचनं पन्नासच्या आत असतील, तर दोन-चार जणांनीही टक्केवारी भलतीकडे जाते. तोपर्यंत त्या भागाला पुन्हा हात लावायचा नाही.