विजयदुर्गच्या आडोशाला नांगरावर एक रात्र: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या वाऱ्याचं वेळापत्रक बहुतेक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीकडून मतलई, दहा-अकराच्या सुमाराला पडलेली हवा, आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा, तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. रत्नागिरीहून विजयदुर्गला शिडाच्या होडीने जायचं तर हा क्रम अगदी सोयीचा आहे. अंतर २६-२७ सागरी मैल. उजाडताच निघालात तर मतलई पहिला टप्पा काढून देते, मध्ये थोडा वेळ इंजिन लावावं लागतं, आणि दुपारचा वारा पाठीमागून ढकलत अंधाराच्या आत खाडीत नेऊन सोडतो. होडी रत्नागिरीच्या स्नेह्यांची होती, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. आम्ही सोलापूरचे चौघे चढलो आणि पाचव्याने गाडी रस्त्याने विजयदुर्गला नेऊन ठेवली. सोलापूर-मिरज-कोल्हापूर-आंबा घाट असा रत्नागिरीचा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा, त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

वाटेत पूर्णगड, मुसाकाजी, आंबोळगड ही ठिकाणं डाव्या हाताला लागतात. किनाऱ्याच्या फार जवळून जाऊ नका. जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे आणि बांबूला बांधलेली फडकी यांच्यावर एकाने सतत नजर ठेवायची. जाळं पंख्यात गुंतलं तर आपली होडी अडकतेच, शिवाय कुणाच्या तरी पोटावर पाय येतो.

विजयदुर्गचा किल्ला वाघोटन खाडीच्या मुखाशी, दक्षिण बाजूला, समुद्रात शिरलेल्या भूशिरावर उभा आहे. उत्तरेकडून येऊन खाडीत शिरताना तो उजवीकडे राहतो. शिवाजी महाराजांनी वाढवला, आंग्र्यांनी इथे आरमार ठेवलं, १७५६ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून मारा करून घेतला. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली बुडालेली दगडी भिंत आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ती पाहिली आहे. शत्रूच्या गलबतांसाठी घातक ठरली असं तिच्याबद्दल सांगतात. ती आपल्यालाही सोडणार नाही, म्हणून तटाचे फोटो जवळून काढायचा मोह आवरा. लांबून वळसा घ्या, किल्ल्याचं उत्तर टोक चांगलं मागे पडू द्या आणि मगच आत वळा. तट पाठीशी आला की लाट एकदम बसते. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो: दिवसभर हलणारी माणसं पहिल्यांदा हात सोडून उभी राहतात.

आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी नांगर टाकताना वारा वायव्येचा असतो आणि सगळी मांडणी त्याच्याच हिशेबाने करावीशी वाटते. पण रात्र काढायची आहे ती पहाटे तीनच्या वाऱ्यात. तोवर खारा वारा पडलेला असतो, पूर्वेकडून मतलई सुरू होते आणि होडीचं तोंड पार उलटं फिरतं. त्यात खाडी असल्याने भरती-ओहोटीचा ओढ आहेच. वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे, आणि होडी कधी याचं ऐकते, कधी त्याचं. खुंट्याला लांब दाव्याने बांधलेला बैल जेवढी जागा फिरतो, तेवढी सगळी जागा मोकळी हवी. शेजारच्या मासेमारी होड्या आखूड दोरावर असतात, त्या आपल्याबरोबर फिरत नाहीत. म्हणून त्यांच्या घोळक्यात शिरू नका आणि ट्रॉलरच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तर मुळीच थांबू नका. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी (होडीच्या नाखव्यांनी) आम्हाला हात करून एवढंच सांगितलं, "पहाटे वारो फिरतलो." त्यांचं ऐकून आम्ही आणखी बाहेर सरकलो.

साखळी किती सोडायची याचा हिशेब कागदावर करा. समजा ओहोटीला ४ मीटर पाणी आहे, भरतीला ते २ मीटर चढणार, आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर उंच आहे. म्हणजे झाले ७ मीटर. पूर्ण साखळी असेल तर याच्या किमान पाचपट, म्हणजे ३५ मीटर. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, म्हणजे ४९ मीटर. नांगराला जोर येतो तो त्याच्या वजनाने कमी आणि ओढ तळाशी आडवी राहिल्याने जास्त. दोर उभा ताणला गेला की नांगराचा रुतणारा फाळ चिखलातून उचकटतो. फक्त आत्ताचं पाणी मोजून साखळी सोडणाऱ्याला मध्यरात्रीची भरती गाठते.

टाकायची पद्धत साधी आहे, घाई मात्र नको. वाऱ्याच्या तोंडावर हळू या, होडी पूर्ण थांबू द्या, मग नांगर हाताने खाली सोडा. फेकू नका, साखळीचा ढीग फाळावर पडतो. तळ लागला की होडी मागे सरकेल तशी साखळी देत जा. शेवटी इंजिन उलट टाकून सावकाश जोर द्या आणि साखळीवर तळवा ठेवा. थरथर जाणवली तर नांगर घसरतो आहे, ताठ आणि शांत असेल तर बसला. विजयदुर्गला आत तळ चिखलाचा आहे, फाळ चांगला रुततो. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवा, म्हणजे होडी सरकली तर कळतं. आम्ही बुरुजाची कड आणि त्यामागचं एक झाड धरलं होतं. अंधारासाठी धक्क्यावरचे दोन दिवे निवडा. होडी जागेवरून सरकली की वाजणारा फोनवरचा नांगराचा अलार्म लावाच, पण त्याच्या जिवावर सगळ्यांनी झोपू नये. पाळी लावून एकाने जागं राहावं, आणि वारा फिरण्याच्या वेळी दोघांनी. सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा रात्रभर नाळेकडे उंचावर हवा. तो नसला तर पहाटे परतणाऱ्या ट्रॉलरला तुम्ही दिसतच नाही.

तिथीचा विचार निघण्याआधीच करा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांग धरावी, खाडीतला ओढ सौम्य असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशेब मुंबईच्या पाण्याला बरा जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. नक्की वेळेसाठी छापील भरती-ओहोटी कोष्टकच बघा.

पोचल्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि पोलिसांना कळवा. सगळ्यांची ओळखपत्रं आणि होडीचे कागद हाताशी ठेवा. २६/११ नंतर किनाऱ्यावर चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचा चॅनेल चालू असू द्या. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३.

लाइफ जॅकेटबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना मी हात जोडून सांगतो. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. विहिरीत, नदीत पोहून मोठे झालेले आपण पाण्याला घाबरत नाही, पण खाडीच्या ओहोटीत पोहणं कामाला येत नाही. रात्री लघवीला उठणारा माणूससुद्धा जॅकेट घालूनच वर यावा.

खाण्याचं आपल्याकडून न्यावं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी होडीवर अप्रतिम टिकते, स्टोव्ह पेटवावा लागत नाही आणि मळमळणाऱ्या पोटालाही कडक भाकरीचा तुकडा चालतो. सोलापुरी चादर प्रत्येकी एक हवीच. दव एवढं पडतं की पहाटे फळ्या ओल्या होतात, आणि पातळ रजई भिजली की दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. पिण्याचं पाणी माणशी किमान ४ लिटर धरा.

सकाळी नांगर काढताना होडी इंजिनाने हळू पुढे न्या, साखळी उभी झाली की मग उचला. फाळावरचा चिखल पाण्यात बुडवूनच धुवा. आम्ही होडी काकांच्या हवाली केली आणि गाडीने तळेरे-वैभववाडी-गगनबावडा-कोल्हापूर असे परतलो. निघण्याआधी करूळ घाट चालू आहे का ते विचारून घ्या, बंद असला तर भुईबावड्याने चढा आणि अंधार पडायच्या आत वर पोचा.